झोपेत चढलेली पायरी



शाळामास्तराने पत्त्यांविषयी बोलावे याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु उन्हाळ्याच्या सुट्टीत भर दुपारी ओटीवर चटई टाकून ज्याने मेंढीकोट किंवा पाच-तीन-दोन खेळला नाही, असा मराठी माणूस विरळा. त्या डावातील एक गोष्ट आपण सर्वांनी अनुभवलेली आहे. समोरचा गडी पान टाकण्यापूर्वी क्षणभर थांबला की आपण त्याच्या हाताकडे न पाहता चेहऱ्याकडे पाहतो. हुकूम त्याच्याजवळ आहे की नाही, याचा अदमास घेतो. पत्त्यांचा खेळ निम्मा पानांचा असतो आणि निम्मा माणसांचा.

आता अशी कल्पना करा, की समोरच्या आसनावर माणूसच नाही. पाने टाकली जात आहेत, डाव चालला आहे, पण खेळणारा घरी गाढ झोपला आहे आणि त्याच्या नावाने एक यंत्रलेख खेळतो आहे. ही कल्पना मला पुस्तकातून सुचलेली नाही. माझ्या नववीच्या वर्गातील एका मुलाने गेल्या वर्षी मधल्या सुट्टीत मला मोठ्या आनंदाने सांगितले, "सर, रात्री मी झोपलो आणि सकाळी उठून पाहतो तो सात पायऱ्या वर!" तो मोबाइलवर पत्त्यांचा एक खेळ खेळत असे. मी त्याला विचारले, "शेवटचा डाव कसा जिंकलास ते सांग पाहू." तो गोंधळला. त्याला सांगता येईना, कारण तो डाव त्याने पाहिलाच नव्हता.

त्या गोंधळलेल्या चेहऱ्यामुळे मी या विषयाच्या मागे लागलो. जे समजले ते आज आपणांपुढे ठेवतो.

प्रथम शब्दाची ओळख करून घेऊ. अशा यंत्रलेखास 'बॉट' म्हणतात. बॉट हे 'रोबॉट' या शब्दाचे शेपूट आहे. रोबॉट हा शब्द चेक नाटककार कारेल चापेक यांच्या 1920 सालच्या नाटकामुळे जगभर गेला, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या चेक शब्दाचा अर्थ आहे वेठबिगार. मालकाने सुखाने झोपावे आणि वेठबिगाऱ्याने रात्रभर राबावे, हा जुना व्यवहार पत्त्यांच्या नव्या खेळात पुन्हा अवतरला आहे.

उदाहरणासाठी आपण एकच खेळ घेऊ. त्याचे नाव हार्थस्टोन. ब्लिझार्ड या अमेरिकन कंपनीने तो 2014 सालच्या मार्चमध्ये बाजारात आणला. त्यात आपले बदाम, इस्पिक, किलवर, चौकट नाहीत. योद्धे, पशू आणि मंत्र यांची चित्रे असलेली पाने आहेत. प्रत्येक खेळाडू आपल्या संग्रहातून तीस पानांचा जोड स्वतः निवडतो आणि दूरच्या कोणा अपरिचिताशी इंटरनेटवरून डाव मांडतो. दोघांना एकमेकांची नावे दिसतात, चेहरे दिसत नाहीत.

या खेळात खेळाडूंचा दर्जा ठरविण्यासाठी एक शिडी होती. पहिल्या काही वर्षांत तिच्या पंचवीस पायऱ्या होत्या. तळाची पायरी 25 वी, वरची पहिली, आणि तिच्याही वर 'लेजेंड' नावाचे मानाचे स्थान. डाव जिंकला की एक तारा मिळे, हरला की एक तारा जाई. ठरावीक तारे जमले की पुढची पायरी. शिवाय पाचव्या पायरीपर्यंत एक बक्षीस होते: ओळीने तिसरा विजय मिळाला की एक तारा जादा, आणि विजयांची ती माळ तुटेपर्यंत पुढील प्रत्येक विजयालाही एक तारा जादा. दर महिन्याला शिडी पुन्हा मांडली जाई आणि सर्वांना खाली येऊन नव्याने चढावे लागे. 2020 सालच्या एप्रिलमध्ये ही रचना बदलून ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम व डायमंड असे पाच वर्ग आणि प्रत्येकात दहा पायऱ्या करण्यात आल्या. पण बॉटांचे मर्म समजण्यास जुनी शिडीच अधिक सोयीची आहे.

येथे मी गणिताच्या तासाला शिरतो. श्रोत्यांनी क्षमा करावी. गणित चौथीच्या पलीकडचे नाही.

समजा, एखादा खेळाडू अगदी मध्यम प्रतीचा आहे. तो शंभर डावांत पन्नास जिंकतो आणि पन्नास हरतो. न्यायाने पाहिले तर त्याने आहे तेथेच राहावयास हवे. परंतु एखादा डाव हा त्याचा ओळीने किमान तिसरा विजय असण्याचा संभव किती? अर्ध्याचे अर्धे आणि त्याचेही अर्धे, म्हणजे एक अष्टमांश. याचा अर्थ असा, की दर आठ डावांमागे सरासरी एक तारा त्याला नुसत्या माळेच्या बक्षिसातून मिळतो. जय आणि पराजय एकमेकांना छेदून गेले, तरी हा तारा शिल्लक उरतो.

विसाव्या पायरीपासून पाचव्या पायरीपर्यंत जाण्यास तेव्हा साठ तारे लागत. साठांस आठांनी गुणा: 480 डाव. एका डावाला दहा मिनिटे धरली, तर 4,800 मिनिटे, म्हणजे ऐंशी तास झाले. दिवसाचे काम आटोपून रोज एक तास खेळणाऱ्या माणसाला यासाठी ऐंशी दिवस हवेत, आणि शिडी तर महिन्याने मोडते. महिन्याच्या तीस तासांत त्याचे 180 डाव होतील, सुमारे बावीस तारे मिळतील, आणि तो चौदाव्या पायरीवर थांबेल. बॉटला मात्र भूक नाही, झोप नाही, शाळा नाही, संसार नाही. तो ऐंशी तास सलग खेळून साडेतीन दिवसांच्या आत पाचव्या पायरीशी पोहोचेल. दोघांचे कसब तंतोतंत सारखे, तरीही एक चौदावा आणि दुसरा पाचवा!

याहून आश्चर्याची गोष्ट पुढे आहे. शंभर डावांत 47 जिंकून 53 हरणारा, म्हणजे उघडउघड कच्चा खेळाडू घ्या. त्यालाही माळेच्या बक्षिसातून सुमारे दहा तारे मिळतात. सत्तेचाळीस आणि दहा मिळून सत्तावन्न, त्यातून त्रेपन्न गेले, चार उरले. हरत हरत वर चढण्याचा हा चमत्कार आहे. प्रत्यक्षात वरच्या पायऱ्यांवर प्रतिस्पर्धी तयारीचे भेटतात, त्यामुळे जिंकण्याचे प्रमाण घसरत जाते आणि हिशेब इतका सरळ राहत नाही. पाचव्या पायरीनंतर तर माळेचे बक्षीसच बंद होई आणि मध्यम बॉट तेथे अडखळे. तथापि तेथवरची वाट कौशल्यापेक्षा वेळेच्या बळावर चालता येत होती, हे यावरून स्पष्ट होते. ती शिडी कसब मोजते असे सर्वांना वाटत होते. वस्तुतः ती बऱ्याच अंशी तास मोजत होती. आणि तासांच्या शर्यतीत यंत्रापुढे माणूस नेहमीच हरतो.

बुद्धिबळात निराळी पद्धत आहे. अमेरिकेतील मार्क्वेट विद्यापीठाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक आर्पाद ईलो यांनी ती बसविली. जागतिक बुद्धिबळ महासंघाने ती 1970 साली स्वीकारली. तीत बलवानाला हरविले तर पुष्कळ गुण मिळतात, दुबळ्याला हरविले तर थोडे, आणि एकाने मिळविलेले गुण ढोबळमानाने दुसऱ्याच्या खात्यातून जातात. अशा मापावर मध्यम खेळाडू हजार डाव खेळला तरी आपल्या योग्यतेच्या आसपासच राहतो. तेव्हा बॉटला शिडी चढता येते की नाही, हे पुष्कळसे शिडी बांधणाऱ्याच्या हाती असते.

आता बॉट खेळतो कसा, ते पाहू. त्याला तीन कामे करावी लागतात: पाहणे, ठरविणे आणि टाकणे. पाहण्याचे दोन मार्ग आहेत. एक, संगणकाच्या पडद्याचे चित्र वाचणे. दुसरा, खेळ चालू असताना संगणकाच्या स्मृतीत जी माहिती साठविलेली असते तीत डोकावणे. दुसरा मार्ग जलद व अचूक, म्हणून तयार बॉट विकणारे बहुधा तोच धरत. ठरविण्याचे काम म्हणजे प्रत्येक संभाव्य खेळीला गुण देऊन सर्वांत अधिक गुणांची खेळी निवडणे. टाकण्याचे काम सर्वांत सोपे, कारण माणसाच्या बोटाऐवजी यंत्रलेखच खेळाला आज्ञा देतो. साधा, आक्रमक, फार विचार न लागणारा पानांचा जोड बॉटला मानवतो. डाव लवकर संपतो आणि चुकण्यास वाव कमी राहतो.

बॉटला समोरच्याची पाने दिसतात काय, असे पुष्कळांना वाटते. खेळ नीट बांधलेला असेल तर दिसत नाहीत, कारण प्रतिस्पर्ध्याच्या हातातील पाने कंपनीच्या दूरच्या संगणकातच राहतात. आपल्या यंत्राकडे ती येतच नाहीत. परंतु न पाहताही अंदाज बांधता येतो. एली बुर्स्टाइन या संगणक-सुरक्षा संशोधकाने असंख्य डावांच्या नोंदी अभ्यासून, प्रतिस्पर्धी पुढे कोणते पान टाकील हे वर्तविणारे साधन तयार केले आणि 2014 साली एका परिषदेत त्याची माहिती दिली. खेळाच्या कर्त्यांशी बोलणे झाल्यावर मात्र ते साधन लोकांच्या हाती न देण्याचे त्याने ठरविले. ज्ञान मिळविणे आणि त्याचा उपयोग कोठे थांबवावयाचा हे ओळखणे, या दोन्ही गोष्टी एका माणसात दिसल्या, याचे मला कौतुक वाटते.

मग माणसे बॉट चालवितात तरी कशासाठी? मानासाठी तर खरेच, पण लाभासाठीही. त्या खेळात आरंभी तीन विजयांमागे दहा सुवर्णनाणी मिळत. दिवसाची मर्यादा शंभर नाण्यांची असे, आणि शंभर नाण्यांना पाच नव्या पानांचे एक पाकीट येई. ही नाणी खेळापुरतीच असतात. पण तेच पाकीट रोख पैसे मोजूनही विकत मिळते, म्हणून त्यांना मोल आहे. शंभर नाण्यांसाठी तीस विजय हवेत. बरोबरीच्या खेळाडूला त्यासाठी साठ डाव, म्हणजे दहा तास बसावे लागेल. नोकरदाराला किंवा विद्यार्थ्याला हे अशक्य, आणि बॉटला हातचा मळ. एखाद्या पात्राचे पाचशे क्रमवारीचे डाव जिंकले की त्याचे चित्र सोनेरी होई. तेही बॉटकडून करून घेतले जाई.

कंपनीने हे स्वस्थ बसून पाहिले असे नाही. 2014 सालच्या ऑक्टोबरमध्ये तिने बॉट वापरणाऱ्यांची काही हजार खाती वर्षअखेरपर्यंत बंद केली, आणि यापुढे असे आढळल्यास पूर्वसूचना न देता खाते कायमचे बंद करू, असे जाहीर केले. बॉट ओळखण्याच्या खुणा असतात. माणूस कधी दोन क्षणांत पान टाकतो, कधी अर्धे मिनिट विचार करतो. बॉटचा थांबा बहुधा ठरावीक असतो. माणूस वीस-वीस तास सलग खेळत नाही. अशी खाती सापडली तरी ती तत्काळ बंद न करता पुष्कळ जमवून एकदम बंद करतात. त्यामुळे कोणत्या खुणेने आपण पकडलो गेलो, हे बॉट बनविणाऱ्याला उमगत नाही. चोर-शिपायाचा हा खेळ मूळ खेळाइतकाच गुंतागुंतीचा झाला आहे.

बॉट बनविणाऱ्यांतही मोठे व्यापारी होते. जर्मनीतील झ्विकाउ येथील बॉसलँड ही कंपनी या आणि अशा इतर खेळांसाठी उघडपणे बॉट विकत असे. ब्लिझार्डने तिच्यावर अमेरिकेत दावा लावला. प्रतिवादीने अखेरपर्यंत बाजू लढविली नाही, आणि 2017 साली कॅलिफोर्नियातील न्यायालयाने अमेरिकेत झालेल्या 42,818 विक्रींबद्दल दर विक्रीस 200 डॉलर याप्रमाणे 85,63,600 डॉलर भरपाई मंजूर केली. अपराध ठरला तो खेळाच्या संरक्षक कुलपाला बगल देणारे साधन विकल्याचा.

येथे एक प्रश्न सहज उभा राहतो. यंत्राने पत्ते खेळू नयेत काय? अवश्य खेळावेत. 2017 सालच्याच जानेवारीत अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरी कार्नेगी मेलन विद्यापीठाचे ट्युओमास सँडहोम आणि नोआम ब्राउन यांनी घडविलेला लिब्राटस हा यंत्रलेख पोकरच्या चार नामांकित व्यावसायिक खेळाडूंविरुद्ध बसला. वीस दिवसांत 1,20,000 हात झाले आणि लिब्राटस निर्विवाद जिंकला. त्या चौघांना समोर कोण आहे हे ठाऊक होते. रोज रात्री ते एकत्र बसून यंत्राच्या खेळीची चिकित्सा करीत. तेथे हरण्यातही शिकणे होते. यंत्राच्या खेळण्यात दोष नाही; दोष आहे तो माणसाचे नाव धारण करून खेळण्यात.

आपल्याकडील एका जुन्या निकालाची येथे आठवण होते. सिकंदराबादच्या एका क्लबमध्ये चालणाऱ्या रमीविषयीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. 1967 साली न्यायालयाने असे मत दिले, की रमी हा तीन पत्तीप्रमाणे निव्वळ दैवाचा खेळ नव्हे. पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, कोणते पान धरावे आणि कोणते टाकावे याचे कसब लागते, म्हणून तो प्रामुख्याने कौशल्याचा खेळ होय. त्या काळी हा विचार यथार्थ होता, आजही आहे. पण जरा थांबून पाहा: पडलेली पाने लक्षात ठेवणे, हे तर यंत्राचे जन्मजात काम! ज्या गुणामुळे हा खेळ जुगारापासून वेगळा ठरला, तोच गुण आज सर्वांत आधी यंत्राकडे सोपविता येतो. डावावर पैसा लागलेला असेल तर समोर बॉट असणे म्हणजे सरळ खिसा कापणे होय. भारतात 2025 सालच्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. परंतु पैसा नसलेले, केवळ दर्जासाठी खेळले जाणारे डाव सर्वत्र चालूच राहतात. त्यांत कोणाचा पैसा बुडत नाही. मग नुकसान कोणाचे?

पहिले नुकसान समोरच्याचे. दिवसभर राबून अर्धा तास विरंगुळा शोधणारा कोणी टपाल कारकून, कोणी परिचारिका खेळावयास बसते. तिला वाटते, दूर कोणी माणूस आपल्यासारखाच विचार करीत बसला आहे. तेथे कोणीच नसते. तिचा वेळ एका रिकाम्या खुर्चीने खाल्लेला असतो.

दुसरे नुकसान शिडीचे. वरच्या पायरीवरील माणूस खरोखरच चढून आला की नाही, ही शंका एकदा शिरली की प्रामाणिकपणे चढलेल्याचाही मान जातो. परीक्षेतील नक्कलेचे असेच असते. एकाने नक्कल केली तर मार्क त्याचे वाढतात, पण गुणपत्रिकेची किंमत साऱ्या वर्गाची उतरते.

तिसरे नुकसान खुद्द बॉट चालविणाऱ्याचे, आणि मला मास्तर म्हणून त्याचीच अधिक चिंता वाटते. दर्जा म्हणजे एक साक्ष असते: या माणसाने इतके डाव हरले, त्यांतून इतके शिकला, म्हणून येथवर आला. बॉटने आणलेला आकडा ही खोटी साक्ष आहे, आणि ती प्रथम स्वतःशीच दिलेली असते. त्या मुलाने पाचव्या पायरीवर जाऊन स्वतः एक डाव खेळला असता, तर दोन मिनिटांत त्याची फजिती झाली असती.

कोणी म्हणेल, हे खेळच असे कंटाळवाणे केले आहेत की रोज तेच ते केल्यावाचून पाने मिळत नाहीत. मग ते काम यंत्राला दिले तर बिघडले कोठे? या म्हणण्यात तथ्य आहे. जो खेळ खेळाडूला वेठीस धरतो, त्याच्यासाठी वेठबिगारी शोधला जाणारच. खेळ बांधणाऱ्यांनीही शिडी कसबाची करावी, तासांची करू नये. परंतु खेळ कंटाळवाणा वाटला तर तो सोडून उठण्याची मोकळीक प्रत्येकाला आहे. आपण उठावयाचे आणि आपल्या नावाचा पुतळा तेथे बसवावयाचा, ही मोकळीक कोणी दिलेली नाही.

त्या मुलाला मी शिक्षा केली नाही; शाळेच्या नियमांत हा गुन्हा बसतही नाही. फक्त एवढेच म्हणालो, "पुढच्या महिन्यात शिडी खाली आली की तू स्वतः खेळ, आणि जिंकलेला एक डाव मला सांग." दीड महिन्याने तो आला. पायरी पूर्वीपेक्षा पुष्कळ खालची होती. पण एका डावाची हकिगत सांगावयास त्याने मधली सुट्टी सारी घेतली. कोणते पान हातात राखले, समोरचा का थांबला, आपण कसे फसलो आणि शेवटी कसे निसटलो, हे हातवारे करून तो सांगत राहिला. घंटा झाली तरी त्याचा डाव संपेना. मी वर्गावर पाच मिनिटे उशिरा गेलो.